सावलीभोवतीचं इंद्रवज्र

मुलांनो, आज गोष्ट सांगण्याआधी एक कोडं घालते.

चौथीच्या वर्गात मी दरवर्षी एक फोटो दाखवते. चार माणसं बसतील एवढ्याशा चिमुकल्या विमानातून तो काढलेला आहे. खाली पांढऱ्याशुभ्र ढगांची गादी पसरली आहे आणि त्या गादीवर विमानाची सावली पडली आहे. मधलं अंग, दोन पंख, मागची शेपटी, सगळं ओळखू येतं. आणि गंमत म्हणजे त्या सावलीभोवती एक रंगीत कडं आहे! आतून निळसर, मग हिरवट-पिवळं आणि बाहेरच्या कडेला लालसर. जरा निरखून पाहिलं तर त्याच्याही बाहेर आणखी एक फिकट कडं दिसतं.

आता प्रश्न असा. विमानात चौघं होते. पुढे वैमानिक आणि त्याच्या शेजारी एक जण. मागे दोघं. तर हा फोटो पुढच्या माणसाने काढला की मागच्या?

वर्गात लगेच हात वर होतात. "बाई, फोटोच्या पाठीमागे नाव लिहिलं असेल!" नाही. "बाई, माणसं तर दिसतच नाहीत, मग कसं ओळखणार?" बरोबर आहे, माणसं दिसत नाहीत. पण उत्तर फोटोतच आहे. कड्याचा बरोब्बर मध्य शोधायचा. तो मध्य सावलीच्या नाकावर नाही, शेपटीवर नाही, तर मागच्या खिडकीच्या जागेवर आहे. म्हणजे फोटो मागे बसलेल्याने काढला!

असं कसं? एखादं रंगीत कडं फोटो काढणाऱ्याचं ठिकाण कसं काय सांगेल? चला, हळूहळू उलगडू या. आणि हो, "आम्ही कधी विमानात बसलोच नाही" म्हणून कुणी खट्टू होऊ नका. यातलं बरंचसं शाळेच्या मैदानावर, गडावर नाहीतर घराच्या अंगणात बघता येतं.

सूर्याच्या बरोब्बर समोर

सूर्य तुमच्या पाठीमागे आहे असं समजा. सूर्यापासून एक सरळ दोरी काढा. ती तुमच्या डोक्यातून, अगदी डोळ्यांजवळून आरपार जाऊ द्या आणि तशीच पुढे न्या. ती जिथे टेकेल, ती जागा आकाशात सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला असते. तिला आपण 'प्रतिसूर्यबिंदू' म्हणू. ही जागा शोधायची सोपी खूण आहे. तुमच्या स्वतःच्या डोळ्यांची सावली जिथे पडते, तीच ती!

आपल्या फोटोतलं कडं या बिंदूभोवती असतं. विमानात मागे बसलेल्याच्या डोळ्यांची सावली, विमानाच्या सावलीत मागच्या खिडकीपाशी पडते. म्हणून त्याला कडं तिथे दिसतं. त्याच क्षणी वैमानिकाने खाली पाहिलं तर त्याला कड्याचा मध्य सावलीच्या नाकाजवळ दिसेल. दोघंही खरं बोलतात, पण दोघांची कडी वेगळी!

या कड्याला इंग्रजीत 'ग्लोरी' म्हणतात. आपल्याकडे डोंगरात भटकणारे लोक त्याला 'इंद्रवज्र' म्हणतात. ते नाव कुठून आलं, तेही पुढे येईलच.

लहान विमानातून हा खेळ विशेष छान दिसतो. कारण लहान विमान ढगांच्या जवळून उडतं, त्यामुळे सावली मोठी आणि ठळक पडते. विमान ढगापासून वर वर जाऊ लागलं की सावली आक्रसत जाते. पण कडं? ते होतं तेवढंच राहतं! शेवटी सावली मुंगीएवढी होते आणि रंगीत कडं एकटंच ढगावरून विमानाबरोबर पळत राहतं.

सावली गेली कुठे?

सावली नुसती लहानच होत नाही, ती फिकीही होते. याचं कारण सूर्य हा काही एक ठिपका नाही. आकाशात तो जवळजवळ अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणून एखाद्या वस्तूपासून तिच्या रुंदीच्या साधारण १०८ पट लांब गेलं, की ती वस्तू सूर्याला पूर्ण झाकूच शकत नाही. मग सावलीचा मधला गडद भाग नाहीसा होतो आणि नुसती पुसट छाया उरते.

हे आत्ता करून बघा. साधी पेन्सिल घ्या. ती सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. ७ गुणिले १०८ म्हणजे ७५६ मिलिमीटर, म्हणजे पाऊण मीटर. भर उन्हात पेन्सिल जमिनीपासून वीतभर उंच आडवी धरा. सावली काळी कुळकुळीत! आता हळूहळू कमरेच्या वर न्या. सावली फिकट होत होत मधला काळेपणा निघून जाईल.

लहान विमानाचं मधलं अंग जेमतेम एक-सव्वा मीटर रुंद असतं. म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर दूरच्या ढगावर त्याची गडद सावली संपलीच. गणित तेच, वस्तू फक्त मोठी.

डोंगरावर सगळ्यांची भांडणं

विमानांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी माणसांनी हे कडं पाहिलं होतं. अर्थातच उंच डोंगरांवरून.

पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे हे मोजण्यासाठी १७३५ साली फ्रान्समधून एक शास्त्रीय मोहीम दक्षिण अमेरिकेत, आजच्या इक्वेडोर देशात गेली. तिच्यात पिएर बुगे हे फ्रेंच शास्त्रज्ञ आणि आंतोनिओ दे उयोआ हे स्पेनचे तरुण अधिकारी होते. पांबामार्का नावाच्या डोंगरावर एका पहाटे ढग विरळ होऊ लागले. मागून सूर्य उगवला आणि समोरच्या ढगावर या मंडळींच्या सावल्या पडल्या. प्रत्येकाला सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलयं दिसली. पण कुणाच्या सावलीच्या डोक्याभोवती? प्रत्येकाला फक्त स्वतःच्या! शेजाऱ्याच्या सावलीला वलय नाही म्हणजे नाही.

आता विचार करा, असं एकट्याने पाहिलं असतं तर काय वाटलं असतं? देवादिकांच्या चित्रात डोक्यामागे तेजोवलय असतं, तसं आपल्या डोक्यामागे! एखाद्याला वाटायचं, आपण कुणी मोठे अवतारी पुरुष आहोत.

अगदी असंच झालं होतं बरं का! इटलीत सोळाव्या शतकात बेनवेनूतो चेल्लिनी नावाचे फार नामांकित सोनार आणि शिल्पकार होऊन गेले. सकाळी दंव पडलेल्या गवतावर त्यांना आपल्या सावलीच्या डोक्याभोवती लख्ख उजेड दिसे. इतरांच्या सावल्यांभोवती तो दिसत नसे. त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं, की ही आपल्यावरच्या दैवी कृपेची खूण आहे. बिचाऱ्यांनी शेजाऱ्याला विचारलं असतं, "तुला तुझ्या डोक्याभोवती काही दिसतंय का?" तर खुलासा तिथल्या तिथे झाला असता.

चेल्लिनींनी पाहिलेलं तेज हे ग्लोरी नव्हे, तो तिचा चुलतभाऊ. दंवाचा प्रत्येक थेंब एका बारीक भिंगासारखा असतो. तो सूर्याचा प्रकाश पानावर एकवटतो आणि पानावरून परतलेला प्रकाश आल्या वाटेनेच सूर्याकडे धाडून देतो. आपलं डोकं नेमकं त्या वाटेवर असल्याने आपल्याला तिथे उजेड दिसतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे रात्री गाडीच्या दिव्यात चमकतात ना, त्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात. युक्ती तीच!

आमच्या शाळेच्या मैदानावर थंडीत मी मुलांना हे दाखवते. सकाळी सूर्याकडे पाठ करून सगळ्यांना ओळीने उभं करते. एक ओरडतो, "बाई, माझ्या डोक्याला उजेड!" दुसरी म्हणते, "हट्, माझ्या डोक्याला आहे!" मग जी जुंपते! एके वर्षी ओळीच्या टोकाला एक मुलगा गप्प उभा होता. सहसा तो बोलतच नाही. मी विचारलं, "तुला कुणाच्या डोक्याला दिसतोय रे?" तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, मला चुकून दिसतोय." चुकून नव्हे रे बाळा! तो उजेड प्रत्येकाला आपापला मिळतो, आणि सगळ्यांना सारखा.

हरिश्चंद्रगडावरची ती सकाळ

आता आपल्या घराकडे येऊ. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हरिश्चंद्रगड आहे. त्याच्या पश्चिमेला कोकणकडा नावाचा प्रचंड कडा आहे. अर्धगोल, आत वळलेला, थेट कोकणात उतरणारा. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर कोकणातून धुकं वर येतं आणि कड्याच्या पोटात साचतं. पूर्वेकडून ऊन आलं की माणसाची सावली त्या धुक्यावर पडते. म्हणजे बघा, विमान नाही, पण विमानातल्यासारखीच जागा तयार झाली. सूर्य पाठीशी आणि ढग पायांखाली!

साइक्स नावाचे एक इंग्रज लष्करी अधिकारी दख्खनच्या हवामानाच्या नोंदी ठेवत असत. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली त्यांचा मोठा लेख छापला. त्यात त्यांनी हरिश्चंद्रगडावर पाहिलेलं पूर्ण गोल 'इंद्रधनुष्य' वर्णन केलं आहे. कड्याच्या मधोमध त्यांना स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली दिसली, जणू एखाद्या तसबिरीला रंगीत चौकट बसवली आहे!

पण मला या हकिगतीतला सर्वांत आवडतो तो पुढचा भाग. बरोबरच्या माणसांचा विश्वासच बसेना, की त्या धुक्यातल्या आकृती आपल्याच सावल्या आहेत. थोडी भीतीही वाटली. मग त्यांनी काय केलं? पळून गेले? नाही. ते हात उंचावू लागले, पाय झाडू लागले, अंग वाकवून बघू लागले. समोरच्या आकृतींनीही तसंच केलं. तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

मुलांनो, हाच प्रयोग! उपकरण नाही, पुस्तक नाही. भीती वाटली तरी हात हलवून बघायचा. चेल्लिनींसारखा थोर कलावंत जिथे फसला, तिथे ही साधी माणसं फसली नाहीत.

एक मात्र बजावून ठेवते. कोकणकड्याची धार फार धोक्याची आहे. धुक्यात काठ कळत नाही. तिथे जायचं ते जाणत्या मोठ्या माणसांबरोबर, आणि काठापासून लांब राहूनच बघायचं.

मोजमाप आपल्या हातात

साइक्स यांनी 'इंद्रधनुष्य' म्हटलं खरं, पण आपलं हे कडं म्हणजे नेहमीचं इंद्रधनुष्य नव्हे. फरक कसा ओळखायचा? हाताने!

हात समोर ताठ धरा. करंगळीची रुंदी म्हणजे साधारण १ अंश. बंद मूठ १० अंश. पूर्ण पसरलेली वीत २० अंशांच्या थोडी वर. तुमचा हात लहान असला तरी हरकत नाही, कारण तुमची वीतही लहानच असते. हिशेब जुळतो!

इंद्रधनुष्य प्रतिसूर्यबिंदूपासून ४२ अंशांवर असतं, म्हणजे मध्यापासून दोन विती लांब. जमिनीवरून त्याची कमान दिसते, कारण खालचा भाग जमिनीने कापलेला असतो. विमानातून, खालीही पाऊस पडत असेल तर इंद्रधनुष्य पूर्ण गोल दिसू शकतं! ग्लोरीचं कडं मात्र एवढंसं, बहुधा एका मुठीने झाकलं जाईल इतकंच.

दोन्ही घडतात पाण्याच्या थेंबांमुळेच, पण थेंबांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावसाचा थेंब सुमारे २ मिलिमीटर रुंद असतो. ढगातला थेंब सुमारे ०.०२ मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात ओळीने ५० बसतील. पावसाचा एक थेंब तयार व्हायला ढगातले किती थेंब लागतील? रुंदी १०० पट, म्हणून १०० गुणिले १०० गुणिले १००. दहा लाख!

पावसाच्या मोठ्या थेंबात प्रकाश शिरतो, वाकतो, आतल्या भिंतीवरून परततो आणि रंग वेगळे होऊन बाहेर पडतो. त्यातून इंद्रधनुष्य होतं. ढगातल्या चिमुकल्या थेंबात मामला वेगळा. तिथे थेंबाच्या कडेला घासून जाणारा प्रकाश थेंबाला वळसा घालून, आतून फिरून उलटा परततो. तळ्यात दोन खडे टाकले की लाटा एकमेकींत मिसळतात. कुठे पाणी जास्त उचललं जातं, तर कुठे शांत होतं. थेंबाच्या निरनिराळ्या कडांवरून परतलेल्या प्रकाशाच्या लाटाही तशाच मिसळतात. लाल रंगाची लाट लांब, निळ्याची आखूड. म्हणून प्रत्येक रंगाचं कडं वेगवेगळ्या जागी उमटतं. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ साली गोल कणांवरून प्रकाश कसा पसरतो याचं अचूक गणित मांडलं. पण 'थेंबात नेमकं काय घडतं' हे सोप्या शब्दांत सांगण्यासाठी पुढे कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ डोकं खाजवत होते.

एक सूत्र लक्षात ठेवा. थेंब जितके बारीक, तितकं कडं मोठं. थेंब एकसारखे, तर कडं रेखीव. थेंब लहानमोठे, तर कडं धूसर. विमान ढगांवरून जाताना कडं मध्येच फुगलं किंवा आकसलं, तर समजायचं की खालच्या थेंबांचा आकार बदलला!

पाणी की बर्फ?

आता वैमानिकाच्या खुर्चीत बसू या. त्याच्यासाठी हे रंग नुसती शोभा नाहीत.

ग्लोरी दिसायला थेंब गोल हवेत. म्हणजे ढगात पाणी हवं. उंच आकाशातल्या पातळ, पिसासारख्या ढगांत मात्र बर्फाचे सहाकोनी स्फटिक असतात. ते वेगळी चित्रं काढतात. आजी म्हणते ना, "चंद्राला खळं पडलंय"? ते खळं अशा स्फटिकांमुळेच पडतं. ते चंद्रापासून २२ अंशांवर, म्हणजे साधारण एक वीत लांब असतं. सूर्यालाही तसंच खळं पडतं.

विमानातून आणखी एक चमत्कार दिसतो. बर्फाचे चपटे स्फटिक हवेत पसरट तरंगत असले, तर त्यांचा मिळून जणू एक आरसा होतो. मग सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितकंच खाली सूर्याचं एक झगझगीत बिंब दिसतं आणि विमानाबरोबर धावू लागतं. न कळणाऱ्याला वाटावं, उडती तबकडी पाठलाग करते आहे!

म्हणजे नियम असा झाला. सूर्यासमोर सावलीभोवती लहान रंगीत कडं, तर ढगात पाणी. सूर्याभोवती वीतभर लांबीवर खळं किंवा खाली दुसरं बिंब, तर ढगात बर्फ.

तुम्ही म्हणाल, मग बर्फाचाच ढग धोक्याचा! नाही, इथेच तर मेख आहे. ढगातले बारीक थेंब शून्याच्या खाली, अगदी उणे १० अंशांतही, न गोठता पाणीच राहू शकतात. त्याला अतिशीत पाणी म्हणतात. अशा थेंबांना टेकायला काहीतरी मिळालं की ते पटकन गोठतात. आणि विमानाचा पंख आयताच समोर येतो! पंखावर बर्फाचा थर चढला की त्याचा आकार बिघडतो आणि विमानाला उचलून धरणारी त्याची ताकद कमी होते. मोठ्या विमानांत पंख गरम ठेवण्याची सोय असते. पुष्कळशा लहान विमानांत ती नसते.

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक प्रवासी विमान अशाच बर्फामुळे कोसळलं. विमानातले सर्व ६८ जण गेले. त्यानंतर त्या जातीच्या विमानांच्या पंखांवरची, फुगून बर्फ झटकणारी रबरी पट्टी जास्त रुंद करण्यात आली.

वैमानिक काही नुसत्या कड्यावर विसंबत नाहीत. त्यांच्याकडे हवामानाचा अंदाज असतो, बाहेरचं तापमान सांगणारा तापमापक असतो. पण समजा खाली सुंदर रंगीत कडं दिसतंय आणि तापमापक शून्याखाली आहे. मग जाणता वैमानिक कड्याचं कौतुक जरूर करील, पण त्या ढगात शिरण्याआधी दहादा विचार करील. कारण त्या कड्याचा अर्थ त्याला वाचता येतो.

कड्यातून मिळालं नोबेल

असाच अर्थ वाचायचा ध्यास एका तरुणाने घेतला. त्याचं नाव चार्ल्स विल्सन. १८९४ च्या सप्टेंबरमध्ये तो स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगराच्या माथ्यावरच्या वेधशाळेत काही दिवस कामाला होता. हा स्कॉटलंडचा सर्वांत उंच डोंगर. पण उंची १३४५ मीटर, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडापेक्षा जरासा बुटकाच! तिथे विल्सनने ढगावर पडणाऱ्या सावल्यांभोवतीची रंगीत कडी पाहिली आणि त्याच्या मनाने घेतलं, की हे प्रयोगशाळेत करून बघायचं.

त्याने काचेच्या भांड्यात ढग तयार करायचं यंत्र बनवलं. ढग बनवता बनवता त्याला आणखीच काही सापडलं. डोळ्यांना कधीच न दिसणारे सूक्ष्म विद्युतभारित कण या ढगातून गेले की त्यांच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटायची! १९११ साली त्याला अशा वाटा दिसल्या. या 'क्लाऊड चेंबर'साठी १९२७ साली विल्सनला नोबेल पारितोषिक मिळालं. आणि १९३२ साली कार्ल अँडरसन या शास्त्रज्ञाला अशाच यंत्रात पॉझिट्रॉन नावाचा नवा कण सापडला.

बघा हं, सुरुवात कशाने झाली? सावलीभोवतीच्या रंगीत कड्याने. "किती छान!" म्हणून विल्सन घरी गेला असता, तर?

आता तुमची पाळी

थंडीत दंव पडलेल्या गवतावर किंवा हरभऱ्याच्या रानात, सूर्य उगवल्यावर लगेच जा. सूर्याकडे पाठ करा. सावलीच्या डोक्याभोवतीचा उजेड शोधा. मग मित्राशी जागा बदला आणि पुन्हा विचारा, "आता कुणाच्या डोक्याला?"

चंद्राला खळं पडलं की वीत लावून मोजा. तारीख वहीत लिहा आणि पुढचे दोन दिवस हवा कशी होती तेही लिहा. आजीचा अंदाज किती वेळा खरा ठरतो, ते वर्षभरात कळेल.

कधी विमानाचा प्रवास घडला, तर सूर्य ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध खिडकी मागा. सकाळी पुण्याहून दिल्लीला निघालात, तर विमान उत्तरेकडे जाणार आणि सूर्य उजव्या हाताला असणार. म्हणून डावीकडे बसा. खाली ढग असले तर सावलीची जागा शोधा. ढग नसले तरी निराश होऊ नका. विमान फार उंच नसेल तर शेतांवरून, रानावरून एक उजळसा ठिपका विमानाबरोबर पळताना दिसेल. त्या जागी प्रत्येक झाड आपली सावली आपल्याच पाठीमागे लपवतं, म्हणून तिथे काळोखी दिसत नाही.

सूर्याच्या बाजूचं खळं बघताना मात्र सूर्यबिंबाकडे कधीही थेट पाहायचं नाही. इमारतीच्या किंवा झाडाच्या आडोशाने सूर्य झाकूनच बघायचं. डोळे दोनच आहेत, नवे मिळत नाहीत.

आणि जाता जाता एक कोडं तुमच्यासाठी. चार आसनांच्या विमानात पुढे ताई बसली आहे, मागे तुम्ही. खाली ढगावर विमानाची सावली आणि भोवती कडं. ताई म्हणते, "कडं माझ्याभोवती आहे." तुम्ही म्हणता, "छे, माझ्याभोवती!" दोघांनी एकाच क्षणी फोटो काढले. ते फोटो घरी आईबाबांसमोर ठेवले, तर भांडण मिटेल की वाढेल?

उत्तर कागदावर चित्र काढून शोधा. सूर्य, दोन डोळे, दोन सरळ रेघा आणि ढग, एवढंच काढायचं आहे. आणि घरच्या मोठ्या माणसांनाही हेच कोडं घालायला विसरू नका. बघू या, किती जण आधी वाद घालतात आणि किती जण आधी पेन्सिल उचलतात!